राजदंड आणि राजदया : लहान अपराधाची शिक्षा व सरकारी क्षमेचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कुळांचा इतिहास, देवस्थाने, जुन्या पिढीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे व विद्यार्थ्यांचे गुणगौरव हे विषय नेहमीच येतात व ते यावयासही हवेत. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र किंचित् निराळा आहे. एखाद्या सामान्य अपराधाबद्दल न्यायालयात शिक्षा झाली, दंड भरला अथवा चार दिवस कैद भोगली, तर तो डाग जन्मभर वागवावयाचा, की तो धुऊन काढण्याचा काही राजमार्ग आहे? असल्यास तो कोठून आला, कोणी कसा वापरला, आणि त्यावरून आपण काय शिकावे? आपल्या समाजातही अशी घरे आहेत की जेथे हा प्रश्न रात्री दार लावून बोलला जातो. बांधावरची मारामारी, सणासुदीस पत्त्यांच्या डावावर पडलेली धाड, विनापरवाना मद्य जवळ बाळगल्याचा खटला, अशा कारणांनी तरुणपणी नाव पोलिसांच्या दप्तरात गेले आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्यपडताळणीचा कागद आला की सारे घर धास्तावते. कुजबुजीने धास्ती वाढते, माहितीने ती कमी होते. म्हणून हा विषय उघडपणे मांडण्याचे योजिले आहे.

प्राचीन परंपरा

दंड करणाऱ्या हातानेच दया करावी, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात, मृत्युदंड झालेल्या बंदिवानांना तीन दिवसांची सवलत दिली असल्याचे नमूद आहे. या अवधीत आप्तस्वकीयांनी त्यांच्या प्राणांकरिता रदबदली करावी, व ते न साधले तर बंदिवानाने दानधर्म व उपवास करून परलोकाची तयारी करावी, असा त्याचा हेतू. पाचव्या स्तंभलेखात तर राज्याभिषेकास सव्वीस वर्षे होईपर्यंत आपण पंचवीस वेळा बंदिवान मुक्त केले, असे खुद्द राजाच सांगतो. आप्तांनी अर्ज करावा, राजसत्तेने तो ऐकावा, ही दयेच्या अर्जाची मूळ रचना येथे स्पष्ट दिसते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याविषयी व्यवस्था आहे. राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी व पौर्णिमेस बालक, वृद्ध, रोगी व अनाथ अशा बंदिवानांना सोडावे. नवा प्रदेश जिंकला, युवराजाचा अभिषेक झाला किंवा राजपुत्र जन्मला तर बंधमोक्ष करावा, असे तो सांगतो. महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २०१८ व २०१९ साली आणि स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ व २०२३ साली सरकारने कैद्यांना विशेष सूट दिली, तेव्हा या जुन्या प्रथेचेच नवे रूप दिसले.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'गुन्हेगारी' हा शब्द वारंवार येतो. त्याचा त्या काळचा अर्थ अपराधाबद्दल सरकारात भरावयाचा दंड असा होता. वादात जिंकणाऱ्याने 'हरकी' द्यावयाची व हरणाऱ्याने 'गुन्हेगारी', असा रिवाज असे. भयाने परागंदा झालेल्या माणसास परत बोलाविण्यासाठी 'अभयपत्र' दिले जाई. धर्माचार मोडणाऱ्यास प्रायश्चित्त सांगत, व ते पुरे झाल्यावर 'शुद्धिपत्र' देऊन ज्ञातीच्या पंक्तीस बसवीत. या पद्धतीचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. दंडाचे माप जातीजातींप्रमाणे बदलत असे, आणि बहिष्काराच्या शस्त्राने कित्येक निरपराध घरे उद्ध्वस्त झाली. महाराष्ट्रात २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला, तो काही उगाच नव्हे. तथापि त्या जुन्या व्यवस्थेत एक मर्म होते, ते ध्यानी घ्यावे. शुद्धिपत्र मिळून माणूस एकदा पंक्तीस बसला म्हणजे तो विषय संपावा, अशी अपेक्षा होती. शिक्षेला शेवट असे. आजच्या काळी शिक्षा संपते, पण तिचा कागद संपत नाही.

इंग्रजी अंमल : दोन बोलकी उदाहरणे

इंग्रजी राज्यात दयेचा अधिकार राजमुकुटाकडे व त्याच्या वतीने येथील सरकारकडे आला. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात, इंग्रजी प्रजाजनांच्या खुनात भाग घेतलेल्यांस वगळून उठावातील इतर लोकांना क्षमेचे अभिवचन होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४०१ व्या कलमाने सरकारला शर्तीवर अथवा बिनशर्त शिक्षा तहकूब करण्याचा किंवा तिच्यात सूट देण्याचा अधिकार दिला. डिसेंबर १९१९ मध्ये बादशाही जाहीरनाम्याने पुष्कळ राजकीय कैदी सुटले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. पहिले कोल्हापूर प्रकरणाचे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी बेअब्रूचा खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक या दोघांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर रोजी सुटले. या खटल्यात जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. जोतीराव ज्या वर्गाच्या वर्चस्वाविरुद्ध झगडत होते, त्याच वर्गातील हे दोन तरुण संपादक. पण संकटसमयी जोतीरावांनी त्यांची जात पाहिली नाही. ज्ञातिसंस्थेच्या पुस्तकात हा प्रसंग आवर्जून नोंदवावा असाच आहे.

याहूनही विचारणीय आहे तो पुढचा इतिहास. हे दोघे शिक्षा भोगलेले गृहस्थ पुन्हा शिक्षणकार्यास लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १८८५ साली या सोसायटीने महाविद्यालय काढले व त्याला सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिले. शिक्षा झाली त्या वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर हेच फर्ग्युसन होते. आगरकर १८९२ साली त्याच महाविद्यालयाचे मुख्याध्यापक, म्हणजे प्रिन्सिपॉल झाले व १८९५ साली मृत्यूने गाठीपर्यंत त्या पदावर राहिले. टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. १०१ दिवसांच्या कैदेने त्यांची वाट अडविली नाही. आज एखाद्या होतकरू शिक्षकाच्या नावापुढे चार महिन्यांची कैद लिहिलेली असेल तर त्याचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकेल, याचा वाचकांनी विचार करावा.

दुसरे उदाहरण टिळकांचेच, पण मोठ्या आरोपाचे. १४ सप्टेंबर १८९७ रोजी राजद्रोहाबद्दल त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. ज्युरीत सहा विरुद्ध तीन असे मत पडले होते. पुढे त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडात विनंतीअर्ज झाला. त्यावर ऑक्सफर्डचे पंडित मॅक्समुल्लर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी प्रभृतींच्या सह्या होत्या. वेदकालाविषयी टिळकांनी लिहिलेला 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे त्यांची विद्वत्ता तिकडे ठाऊक होती. सरकारने काही शर्ती घातल्या व ६ सप्टेंबर १८९८ रोजी, म्हणजे मुदतीपूर्वी सुमारे सहा महिने, त्यांची मुक्तता केली. येथे दोन गोष्टी दिसतात. एक, सूट शर्तीवर मिळू शकते. दुसरी, अर्जाचा पाया त्या व्यक्तीचे ज्ञान व कार्य हा होता. तो अमक्या ज्ञातीचा आहे म्हणून सोडा, असे त्यात कोणी म्हटले नव्हते.

संविधानानंतर

२६ जानेवारी १९५० पासून दयेचा अधिकार राजाचा राहिला नाही. तो संविधानाने सोपविलेले कर्तव्य बनला. ७२ व्या अनुच्छेदाने तो राष्ट्रपतींना व १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांना दिला आहे. लहान अपराधांच्या बाबतीत अर्ज कोणाकडे करावयाचा, हे अपराध कोणत्या कायद्याखालचा आहे त्यावर ठरते. राज्याच्या अधिकारकक्षेतील विषयाचा कायदा असेल, उदाहरणार्थ १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा किंवा १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, तर राज्यपाल. केंद्राच्या कक्षेतील विषयाचा कायदा असेल, उदाहरणार्थ विनातिकीट रेल्वेप्रवासाचा अपराध, तर राष्ट्रपती. दोघांनीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मारूराम प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितली.

संविधानातील शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, कारण घोटाळा येथेच होतो. क्षमा, तहकुबी, सूट आणि शिक्षा सौम्य करणे या एकाच गोष्टीची चार नावे नव्हेत. शिक्षा पुढे ढकलली ती तहकुबी. सहा महिन्यांचे तीन केले ती सूट. कैदेच्या जागी दंड केला म्हणजे शिक्षा सौम्य केली. या तिन्हींत दोषी ठरविल्याची नोंद तशीच राहते. दोषसिद्धीच्या परिणामांतून मोकळीक देते ती क्षमाच. हा भेद आसामातील शरच्चंद्र राभा यांच्या प्रकरणाने स्पष्ट झाला. त्या प्रकरणातील एका गृहस्थांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती. सरकारने उरलेली शिक्षा माफ करून त्यांना सोडले, व पुढे ते निवडणुकीस उभे राहिले. शिक्षेत सूट मिळाली तरी न्यायालयाने दिलेली शिक्षा व दोषसिद्धी बदलत नाही, म्हणून निवडणुकीची अपात्रता कायम राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या आरंभी दिला. 'माफी मिळाली' एवढे शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

दयेचा अधिकार केव्हा चालतो याचा खल कमांडर नानावटी यांच्या गाजलेल्या खटल्यात झाला. तो अपराध लहान नव्हे. तो खुनाचा खटला होता. पण त्यातून निघालेला नियम सर्वांस लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये जन्मठेप सुनावल्यावर राज्यपालांनी शिक्षा तहकूब केली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चालू असता राज्यपालांनी तशी तहकुबी देणे योग्य नव्हे, असे त्या न्यायालयाने त्याच वर्षी ठरविले. नोव्हेंबर १९६१ मध्ये अपील फेटाळले गेले, आणि १९६४ साली राज्यपाल श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना क्षमा केली. त्याच सुमारास आयात परवान्यांच्या प्रकरणी शिक्षा झालेले गांधीधामचे संस्थापक भाई प्रताप यांनाही क्षमा मिळाली. नानावटी पारशी, मृत गृहस्थ सिंधी व भाई प्रतापही सिंधी; तेव्हा दोन समाजांची मने सांभाळण्यासाठी दोन क्षमा एकदम दिल्या, असे त्या काळी लोक उघड बोलत. क्षमा देताना असा तराजू हाती धरला आहे, अशी शंका जरी लोकांच्या मनात आली, तरी दयेचे तेज उणे होते.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा एपुरु सुधाकर प्रकरणातील निर्णय ज्ञातिसंस्थांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी दिलेली सूट न्यायालयाने रद्द केली आणि सांगितले की, धर्म, जात किंवा राजकीय निष्ठा या गोष्टी दयेच्या विचारात अप्रस्तुत आहेत. त्यांवर आधारलेला आदेश टिकणार नाही. याचा अर्थ असा की, 'आमच्या समाजाचा मुलगा आहे, तरी त्यास क्षमा व्हावी' असे शिफारसपत्र एखाद्या मंडळाने अर्जास जोडले, तर ते अर्जदाराला तारक होण्याऐवजी मारक ठरण्याचा संभव आहे. सद्भावनेने दिलेली काठी आपल्याच माणसाच्या पायात यावयाची!

व्यवहाराच्या चार गोष्टी

इतिहासाबरोबर व्यवहारही सांगितला पाहिजे. पहिली गोष्ट ही की, दयेचा अर्ज हा शेवटचा उपाय. अगोदर न्यायालयातील मार्ग पाहावेत. पण तेथे एक अडचण आहे. पुष्कळ तरुण 'दंड भरून मोकळे होऊ' म्हणून न्यायाधीशांपुढे अपराध कबूल करतात. कबुलीवरून शिक्षा झाली असता अपिलाचा हक्क अगदी संकुचित होतो. शिक्षा किती व ती कायदेशीर की नाही, एवढ्यापुरताच वाद उरतो. शेपन्नास रुपयांच्या दंडासाठी दिलेली ती कबुली पुढे नोकरीच्या दारात उभी राहते. म्हणून कबुलीचा शब्द उच्चारण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसरी गोष्ट १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याची. प्रथम अपराध करणाऱ्यास समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या जामीनपत्रावर सोडण्याचा अधिकार न्यायालयास आहे, व अशा रीतीने सोडलेल्या माणसास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, असे त्याचे बारावे कलम सांगते. तथापि नोकरीत असलेल्या माणसाच्या वर्तनाची खातेनिहाय चौकशी त्यामुळे टळत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना याहून अधिक संरक्षण आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, थोडे अपवाद वगळता, त्यांच्या अपराधाने पुढे अपात्रता येत नाही. दयेच्या अर्जापर्यंत जाण्यापेक्षा खटल्याच्या वेळीच हे मुद्दे मांडले तर अर्धे दुःख वाचते.

तिसरी गोष्ट अर्जाची. जुन्या ४०१ व्या कलमाची जागा १९७३ च्या संहितेत ४३२ व्या कलमाने घेतली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७३ वे कलम लागू झाले. त्यानुसार सरकार शिक्षा तहकूब करू शकते किंवा सूट देऊ शकते, व शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचे मत मागवू शकते. दंडाव्यतिरिक्त अन्य शिक्षा झालेल्या प्रौढाने या कलमाखाली अर्ज करावयाचा तर तो तुरुंगात असला पाहिजे, व अर्ज तुरुंगाधिकाऱ्यामार्फत गेला पाहिजे. दुसऱ्या कोणी अर्ज केल्यास, शिक्षा झालेला माणूस तुरुंगात आहे असे त्यात नमूद करावे लागते. ज्याची शिक्षा भोगून संपली, त्याला सूट देण्यासारखे काही उरतच नाही. त्याला संविधानाखाली क्षमा मागणे एवढीच वाट राहते. अशा अर्जात निकालाची प्रत, त्या वेळचे वय, दंड भरल्याची पावती, नंतरच्या वर्षांतील वर्तनाचा पुरावा आणि दोषसिद्धीमुळे प्रत्यक्ष कोणते नुकसान होत आहे हे साध्या शब्दांत यावे. समक्ष सुनावणीचा हक्क मात्र नाही. १९८८ च्या केहरसिंग प्रकरणात न्यायालयाने तसे म्हटले आहे. त्याच निकालात असेही सांगितले आहे की, क्षमेमुळे न्यायालयाचे दप्तर बदलत नाही. दयेचा विचार निराळ्याच पातळीवर होतो. सारांश, क्षमा म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नोकरीच्या पडताळणीपत्रकात खरे तेच लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात सांगितले की, दिलेली माहिती सत्य असली पाहिजे. परंतु तरुण वयातील घोषणाबाजी किंवा तत्सम क्षुल्लक अपराधाची माहिती दडविली गेली असली, तरी तिच्याकडे कानाडोळा करण्याचा विवेक नेमणूक करणाऱ्याने वापरावा. विवेक त्याचा; त्यावर आपला हक्क नाही. माझ्या नोकरीच्या काळात माजी विद्यार्थी असे कागद घेऊन माझ्याकडे येत. लहान अपराध उघड सांगणाऱ्याची गाडी कधी उशिरा, पण बहुधा पुढे सरकलेली मी पाहिली. दडविणाऱ्याच्या बाबतीत अपराधाचा प्रश्न मागे पडून खोटेपणाचाच प्रश्न उभा राही, आणि त्याला दयेचा अर्ज नाही.

परदेशांकडे पाहता काही ठिकाणी हा प्रश्न कायद्यानेच सोडविला आहे. इंग्लंडात १९७४ च्या कायद्याने ठराविक मुदत सद्वर्तनाने काढली म्हणजे लहान शिक्षा पुष्कळ कामांपुरती गतार्थ मानली जाते. तेथेच गणिती ॲलन ट्युरिंग यांना १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल शिक्षा झाली होती, आणि मरणोत्तर राजक्षमा मिळावयास २०१३ साल उजाडावे लागले. ते वारले १९५४ साली. उशिरा आलेली क्षमा देशाची लाज झाकते, माणसाचे आयुष्य परत देत नाही. आपल्याकडे प्रौढांच्या लहान शिक्षा काही वर्षांनी गतार्थ मानणारा असा सर्वसाधारण कायदा नाही. तो व्हावा, अशी मागणी सनदशीर मार्गाने करणे हे कोणत्याही लोकहितैषी मंडळास शोभणारे आहे. पण ती सर्व जातींच्या नागरिकांसाठी केली पाहिजे.

आपले कर्तव्य

या इतिहासावरून आपल्या मंडळाने काय करावे? माझ्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात. जातीच्या नावे शिफारशी लिहिण्याऐवजी गरजू कुटुंबास जाणत्या वकिलाशी व विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत साहाय्याशी गाठ घालून द्यावी. शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा या विषयाची माहिती द्यावी. कबुलीचा व पडताळणीचा अर्थ त्यांना आधी कळावा. आणि तिसरी गोष्ट सरकारच्या हाती नसून आपल्याच हाती आहे. ज्याने शिक्षा भोगली, दंड भरला व नंतर नीट वर्तन ठेवले, त्याच्या घरची सोयरीक, शिष्यवृत्ती किंवा कार्यकारिणीतील जागा त्या जुन्या गोष्टीवरून अडवू नये. राज्यपालांच्या क्षमेस अर्ज, चौकशी व वर्षे लागतात. समाजाच्या क्षमेस ना मुद्रांक लागतो, ना सही.

अशोकाने आप्तांना रदबदलीसाठी तीन दिवस दिले होते. आपल्यापाशी त्याहून पुष्कळ अधिक वेळ आहे. तो आपण कुजबुजीत दवडू नये, एवढेच नम्रपणे सुचवून हा लेख पुरा करतो. इत्यलम्.